अपेक्षेचा रकाना

सांचीला जन्मात एकही माणूस पसंत पडणार नाही, ही काळजी मेघाच्या डोक्यात एकदा शिरली ती बाहेर पडायचं नावच घेईना. खरं तर सांची सतरा वर्षांची, बारावीतली. तिच्या लग्नाचा विषयसुद्धा घरात निघत नव्हता, आणि मुलगी उजवायची घाई झालेल्या आयांपैकी मेघा नव्हती. बी.कॉम. झालेली, पंधरा वर्षं एका शाळेच्या ऑफिसात बसलेली बाई ती. तिची काळजी लग्नाची नव्हतीच. पोरीच्या हिरमोडाची होती. पोरीनं मनात ज्या मापाचा पुरुष धरला होता, त्या मापाचा पुरुष नागपूरच्या बेसापासून कळमेश्वरपर्यंत तरी मेघाच्या पाहण्यात नव्हता. दहा-बारा वर्षांनी ही पोरगी दार उघडून बाहेर बघणार, आणि दारात आपल्यातलाच कुणीतरी उभा असणार. शर्टाचं वरचं बटण उघडं, गालात तंबाखूचा खर्रा. मग? या 'मग'पाशी येऊन मेघाचा विचार रोज अडकायचा.

हे माप कोरियाहून आलं होतं. लॉकडाऊनमध्ये शाळा मोबाइलवर आली आणि शाळेच्या मागोमाग त्याच मोबाइलवर कोरियाही आला. आधी हिंदी आवाज दिलेली एक सिरियल, मग दुसरी, तिसरी, मग पाच पोरांची एक गाणारी-नाचणारी टोळी. त्या पाचांचा मोठा फोटो सांचीनं बाहेरच्या खोलीत लावला, तेव्हा तिच्या आजीनं, म्हणजे भीमाबाईंनी, चष्मा पुसून तो नीट न्याहाळला होता.

"हा कोन होय वं? याच्या डोक्याले काय झालं?"

"काही नाही झालं आजी, रंग आहे तो. गुलाबी. तो गातो."

"गाते त गाऊ दे. पन पोराच्या जातीनं कानात डूल काहून घातले?" मग महत्त्वाचा प्रश्न. "तिकडं बुद्ध हाय का?"

"आहे ना. डोंगरावर केवढाले विहार आहेत तिकडं."

"मंग राहू दे," भीमाबाई म्हणाल्या. "पन बाबासाहेबाच्या भिंतीवर नोको. त्या भिंतीवर लाव."

तसा तो फोटो फ्रिजशेजारच्या भिंतीवर गेला आणि तिथंच राहिला.

सांची तशी गुणी पोर. हट्टी, पण मनानं मऊ. कुणाच्याही हातून काही घेताना सिरियलमधल्यासारखे दोन्ही हात पुढं करायची, डबासुद्धा. भंतेजींना वंदन करताना कमरेतून अशी वाकायची की विहारातल्या बायका मेघाला विचारत, पोरीला कुठं शिबिराला पाठवलं होतं का. भाताचं पाणी वाटीत काढून ठेवायची आणि तोंडाला लावायची. "वरनात घालाचं पानी थोबाडाले लावते," म्हणून आजी रोज ओरडायची, पण पाणी ठेवायलाही तीच आठवण करायची. फिजिक्सच्या वहीच्या मागच्या पानांवर गोल-गोल, उभ्या-आडव्या काड्यांची ती तिकडची लिपी लिहायची. यूट्यूबवरून शिकली होती, आणि चांगली शिकली होती.

हे सगळं मेघाला चालत होतं. चालत नव्हतं ते पुरुषांबद्दलचं. सांची आणि तिची ट्यूशनची मैत्रीण चिन्मयी गच्चीवर बसून बोलायच्या ते दोरीवरचे कपडे काढता काढता मेघाच्या कानावर पडायचं.

"तो तिच्या बुटाची नाडी बांधतो ना, रस्त्यात बसून…"

"हाव ना यार! आणि इथं बघ. काल ट्यूशनमधला प्रशिक बाइक घेऊन आला, माझ्या पायावरून नेता नेता राहिला, आणि म्हणतो काय, 'दिसत नाही का बे?'"

"त्याला सांग, सेकंड हिरोचं काम पण नाही भेटणार तुला."

आणि दोघी खिदळायच्या. मेघा चिमटे गोळा करत उभी राहायची. हसू तिलाही यायचं, पण काळजीही वाटायची. कारण बुटाची नाडी बांधणारा पुरुष तिनं चव्वेचाळीस वर्षांत पाहिला नव्हता, आणि तिचा नवरा प्रीतम तर स्वतःच्या बुटाची नाडी सोडायचा कंटाळा म्हणून बूट तसेच ओढून काढायचा. प्रीतम वाईट नव्हता, मुळीच नव्हता. कळमेश्वरच्या एमआयडीसीत सुपरवायझर. पोरीच्या फीसाठी कधी दोनदा विचार न करणारा. आईला दर महिन्याला स्वतः डॉक्टरकडं नेणारा. पण त्याच्यासारख्या माणसाकडं बघून सांची उद्या नाक मुरडेल, या विचारानं मेघाला त्याचीही दया यायची आणि तिचीही.

हे सगळं गच्चीवरच राहिलं असतं. पण मध्येच रोशनीचा फॉर्म आला.

रोशनी ही प्रीतमची धाकटी बहीण. एकतीस वर्षांची, कळमेश्वरला एका दवाखान्यात स्टाफ नर्स. तिथंच खोली घेऊन राहायची आणि सुट्टी जुळली तर रविवारी बेसाला यायची. सांचीची ही सगळ्यांत लाडकी आत्या, आणि दोघींचं सूत असं की आत्या आली की सांची आईशी चार दिवस बोलली नाही तरी चालायचं. रोशनीसाठी पाच वर्षांत सहा स्थळं येऊन गेली होती. शेवटचं धर्मेंद्र नावाच्या शिक्षकाचं. माणूस सभ्य, घर चांगलं, पोहे खाऊन झाले, सगळं जमत आलं, आणि जाता जाता तो म्हणाला, "नाईट ड्युटी मात्र सोडावी लागेल. घरी कोणी नसलं की सकाळचा चहा कोण देणार?" दुसऱ्या दिवशी रोशनीनं फोनवर एवढंच सांगितलं, "वहिनी, नको."

तेव्हापासून भीमाबाईंनी वधू-वर परिचय मेळाव्याचा ध्यास घेतला होता. समाजाचा मोठा मेळावा, दरवर्षी भरणारा. तीनशे-साडेतीनशे मुलंमुली, हॉलभर नातेवाईक, मंचावर जाऊन एकेकानं माइकवर आपली ओळख करून द्यायची, आणि आधी छापून येणारी परिचय पुस्तिका: फोटो, नाव, शिक्षण, नोकरी, उंची, आणि शेवटचा रकाना अपेक्षा. "या साली नाही जमलं त मंग माया डोळ्यादेखत नाही होत," असं म्हणत भीमाबाई दर दोन दिवसांनी डोळ्याला पदर लावायच्या. रोशनीला फोन करून त्यांनी होकार मिळवला. होकार म्हणजे रोशनी म्हणाली, "भरा काय भरायचं ते, आई."

फॉर्म यंदा मोबाइलवरून भरायचा होता. मेघानं कागदावर सगळं काढून दिलं, आणि मराठी टाइप करायला सांची बसली, कारण तिचा हात मोटारीसारखा चालायचा. अपेक्षेच्या रकान्याशी आल्यावर मेघा स्वयंपाकघरातून म्हणाली, "लिही, सुशिक्षित, निर्व्यसनी, नोकरी असलेला." दुधाला उकळी येत होती, म्हणून ती तिकडं वळली. सांचीनं फॉर्म पाठवला. पुढचे तीन आठवडे त्याची कुणाला आठवणही झाली नाही.

मेळावा रविवारी होता. त्याआधीच्या गुरुवारी संध्याकाळी रुपरावकाका स्वतः स्कूटरवरून घरी आले. वीज खात्यातून निवृत्त झालेले, वीस वर्षं या मेळाव्याच्या कामात असलेले. पिशवीतून त्यांनी पुस्तिका काढली, पान आधीच दुमडून ठेवलेलं होतं.

"जयभीम मेघाताई. जयभीम मावशी. रोशनीच्या फॉर्ममध्ये काही गडबड झाली का?"

"कसली गडबड काका?"

"तुम्हीच वाचा. नाही, थांबा, मीच वाचतो. मले वाचताना मजा येते." काकांनी चष्मा लावला. "अपेक्षा. आवाज न चढवणारा. भांडण झाल्यास स्वतः बोलायला येणारा. एकच छत्री असल्यास ती दुसऱ्याच्या डोक्यावर धरणारा. रडू आल्यास रडणारा. निदान शेवया उकळता याव्यात. जेवताना बायकोला पाण्यासाठी न उठवणारा. नाईट ड्युटीवरून आलेल्या माणसाला चहा न मागणारा. त्वचा स्वच्छ." त्यांनी पुस्तिका मिटली. "बाप्पा! वीस वर्षांत मी 'शासकीय नोकरी' आणि 'निर्व्यसनी' याच्यापलीकडं काही वाचलं नाही."

मेघाला जमीन दुभंगावी असं वाटलं. सांची त्याच वेळी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती, तिचा चेहरा बघूनच सगळं कळत होतं.

"पण काका, छापायच्या आधी कुणी वाचत नाही का?"

"ताई, साडेतीनशे फॉर्म. पोट्टे कॉम्प्युटरवरून सरळ छापखान्यात धाडतात. मी मोबाइल नंबर तेवढे तपासतो, ते चुकले तर मार खावा लागते." काकांनी बशीत चहा ओतला. "आता ऐका. तीनशे पुस्तिका वाटून झाल्या. बाकीच्या माझ्या घरी आहेत. त्याच्यावर कागदाची पट्टी चिकटवू. उद्या सकाळी दहापर्यंत मले बरोबर मजकूर सांगा, म्हणजे दुपारी पट्ट्या छापून होतील. मंचावर कोणी हसलं तर पोरीच्या जातीले बरं नाही वाटत."

काका गेले. तशी भीमाबाईंनी सुरुवात केली.

"शेवया! शेवया उकळाले माणूस पाहिजे का? आमच्याकडं उन्हाळ्यात खाटेवर शेवया बायाच घालत. माणसं नुस्ते खात."

"आजी, त्या शेवया वेगळ्या, तिकडच्या नूडल्स…"

"चूप बस! आत्याच्या लग्नाचा सत्यानाश केला. आता कोन येईन पुढं? छत्री घेऊन येईन का कोनी?"

सांचीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण मेघाचा राग आजीच्या रागापेक्षा खोल होता. तिची महिनोन् महिन्यांची भीती छापून, तीनशे घरांत वाटून झाली होती. तीही स्वतःच्या पोरीच्या नव्हे, बिचाऱ्या रोशनीच्या नावावर.

"त्वचा स्वच्छ म्हणजे काय गं?" मेघानं पोरीला स्वयंपाकघरात गाठून विचारलं. "आपल्या घरात कुणाची त्वचा त्या भिंतीवरच्या पोरांसारखी आहे? तुझ्या पप्पांची आहे? तुझी आहे?"

"मम्मी, स्वच्छ म्हणजे गोरी असं नाही म्हटलं मी. तोंड धुतलेली. ते रात्री तोंड धुऊन झोपतात."

"लोक काय वाचणार? गोरा मुलगा पाहिजे, हेच वाचणार. काळ्यासावळ्या शंभर पोरांना वाटणार, ही कोण मोठी लागून गेली."

सांची हळूच म्हणाली, "ते नको लिहायला पाहिजे होतं." एवढं कबूल केलं म्हणून मेघाला जरा बरं वाटलं. पण लगेच पोरीनं मान वर केली. "बाकीचं मात्र बरोबर आहे."

"बाकीचं कोरियातलं आहे. सिरियलमधलं. तिथंसुद्धा खऱ्या घरात असं असेल असं वाटतं का तुला?"

"छत्री सिरियलमधली आहे," सांचीनं बोटं मोजायला सुरुवात केली. "रडणं सिरियलमधलं. शेवया पण. नाईट ड्युटीचं धर्मेंद्र सर बोलले होते, तेव्हा मी पडद्यामागं पोह्यांच्या रिकाम्या बश्या घेऊन उभी होते. आत्याचं तोंड मी बघितलं होतं, तू नव्हतं बघितलं. आणि पाणी आपल्या घरातलं आहे."

"म्हणजे?"

"काल पप्पा जेवत होते तेव्हा तू अकरा वेळा उठलीस. परवा नऊ."

मेघाच्या हातात लाटणं होतं. ते तसंच राहिलं. अकरा? तिनं मनात आठवून पाहिलं. पाणी, मीठ, अजून एक पोळी, लोणचं, पंखा वाढव, रिमोट कुठं आहे. होतही असतील अकरा. आपण कधी मोजलं नाही. आणि ही पोरगी समोर ताटात मान घालून बसलेली असते ती हे मोजत असते?

प्रीतम आठला घरी आला तो बातमी कळूनच आला होता. त्याच्या आतेभावानं, पिंटूनं, पुस्तिकेच्या पानाचा फोटो भावाभावांच्या ग्रुपवर टाकला होता, खाली लिहिलं होतं, 'मले शेवया उकळता येतात पण आमचं लग्न होऊन गेलं. उशीर केला गा प्रीतमभाऊ.' आणखी कुणी लिहिलं होतं, 'त्वचेच्या परीक्षेत आपण सगळे नापास.' रोशनी या ग्रुपवर नव्हती, एवढं एक बरं होतं. तिची या आठवड्यात नाईट ड्युटी होती, दिवसा ती झोपायची, पुस्तिका अजून तिच्यापर्यंत पोचली नव्हती.

"तिले सांगू नका," भीमाबाईंनी जेवायला बसताना जाहीर केलं. "रडत बसन. पट्टी चिकटली की झालं."

"हो, पट्टीवर शासकीय नोकरी टाका," प्रीतम म्हणाला. "आजकाल प्रायव्हेटचं काही खरं नाही. माझंच बघा ना."

"बिजवर चालेल असं लिहा," भीमाबाई म्हणाल्या. "एकतीस म्हंजे काही कमी नाही होत. पन निर्व्यसनी पाह्यजे."

"आई, बिजवर काय!" मेघा म्हणाली.

"मेघा, पाणी," प्रीतम म्हणाला.

मेघा उठणार तोच सांचीकडं तिचं लक्ष गेलं. सांची ताटाकडं बघत होती. प्रीतमच्या ध्यानात आलं. त्यानं ग्रुपवरचं पान वाचलं होतंच. तो म्हणाला, "मी उठवतो का तुला?"

प्रीतम उठला. स्वयंपाकघरात गेला. एक कपाट उघडल्याचा आवाज आला, मग दुसरं, मग तिसरं. बऱ्याच वेळानं तो पाणी घेऊन आला, दूध मोजायच्या मापातून.

"ग्लास कुठं ठेवता तुम्ही?" त्यानं जरा रागानंच विचारलं, आणि सांची एकदम फिसकन हसली. मेघालाही हसू आवरेना. प्रीतम मापातलंच पाणी प्यायला. "हसा, हसा. अठरा वर्षं झाली लग्नाला, कोणी सांगितलं नाही कधी."

"सांगाले काय पाह्यजे?" भीमाबाई मध्येच म्हणाल्या. सगळ्यांना वाटलं त्या मुलाची बाजू घेणार. पण त्यांचा हात ताटातच थांबला होता. "तुया बापानं मले कधी पानी नाही मांगितलं. मिलमधून येये, हातपाय धुये, माठातून आपल्या हातानं पानी घेये. डबा बी सोताच घासे. मिलमधले सगळेच घासत, कोनाच्या घरी टाइम होता?"

देवाजी, म्हणजे सांचीचे आजोबा, तिच्या जन्माआधीच वारले होते. तिनं त्यांचा फक्त टोपीतला एक फोटो पाहिला होता.

"आजोबा स्वतः डबा घासायचे?" सांचीनं विचारलं. "कोरियात न जाता?"

"चुलीत गेला तुया कोरिया. मानूस होता थो."

"मग पप्पा असे कसे झाले?"

"म्या केलं," भीमाबाई सरळ म्हणाल्या. "तीन पोरीच्या मागं झालेला. भुईवर पाय ठेवू देल्ला नाही म्या याले. बाप म्हने, 'भीमे, पोराले आपलं ताट उचलू दे.' मी म्हनो, 'राहू द्या, पोट्टा होय.'" आणि त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, जणू फार काही सांगितलं नाही.

प्रीतम लाजला. पण त्या रात्रीच दोनदा त्यानं सवयीनं "मेघा, मीठ" म्हटलं, आणि एकदा मेघा सवयीनं उठलीही. सवयी काय, एका पुस्तिकेनं थोड्याच जातात.

सकाळी मेघानं डबे भरता भरता कागदावर पट्टीचा मजकूर लिहून काढला. लिहिताना तिला तिचं स्वतःचं आठवलं. तिच्या वेळी वडिलांनी तिची माहिती लिहून दिली होती. अपेक्षेपुढं त्यांनी एकच शब्द घातला होता: अनुरूप. तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि आपल्याला कुणी विचारावं हे तिच्याही मनात आलं नव्हतं. प्रीतम मिळाला, चांगला निघाला, हे तिचं नशीब. पण 'अनुरूप' म्हणजे काय, हे कुणी तेव्हा विचारलं असतं तर तिनं काय सांगितलं असतं? पोळी तव्यावर जरा करपली तरी तिला उत्तर सुचलं नाही.

सांची केस विंचरत आली आणि कागद वाचू लागली. "सुशिक्षित, निर्व्यसनी, नोकरी असलेला, अनुरूप. मम्मी, हे कुणाचं आहे?"

"कुणाचं म्हणजे? आत्याचं."

"आत्या 'अनुरूप' कधी म्हणते? हे तुझं आहे. काल रात्रीचं शासकीय नोकरी पप्पांचं. बिजवर आजीचं."

"आणि तू लिहिलं होतंस ते आत्याचं होतं का?" मेघाला चीड आली होती, पण बोलता बोलता तिलाच काहीतरी उमगत गेलं. "तुझे ते हिरो, तूच सांगतेस ना, हात धरायच्या आधीसुद्धा पोरीला विचारतात म्हणून? 'धरू का?' म्हणून? तेच सगळ्यात आवडतं ना तुला?"

"हो."

"मग तू आत्याला विचारलंस?"

कंगवा केसांतच राहिला.

"मला सरप्राइज द्यायचं होतं," ती शेवटी म्हणाली. "मला वाटलं, तिला आवडेल."

"वाटलं."

"तू पण नाही विचारलंस मम्मी."

"नाही विचारलं," मेघा म्हणाली.

दोघी ओट्याशी उभ्या राहिल्या. बाहेर भीमाबाई त्रिसरण म्हणत होत्या, मधूनच थांबून दूधवाल्याला दुधात पाणी किती ते विचारत होत्या. मेघाला आठवेना, सहा स्थळं आली त्यात रोशनीला आपण एकदा तरी विचारलं का, तुला कसा माणूस हवा? 'आवडला का' हे विचारलं होतं. 'का नको' हे विचारलं होतं. 'कसा हवा' हे नाही. सतरा वर्षांच्या या पोरीनं निदान तो रकाना रिकामा नाही, हे तरी ओळखलं. परदेशातल्या पोरांची छत्री, शेवया आणि गुलाबी केस गोळा करून का होईना, पुरुषाकडून काही मागता येतं, हे तिला कळलं होतं. मेघाला ते चव्वेचाळिसाव्या वर्षी कळत होतं. इतके दिवस आपण भीत होतो, पोरीचा हिरमोड होईल म्हणून. आता तिला वाटलं, झाला तर होऊ दे. मागितलं आणि नाही मिळालं तर हिरमोड होतो. मागितलंच नाही तर अकरा वेळा उठायला लागतं, आणि कुणी मोजतसुद्धा नाही.

"तू विचार ना आत्याला," सांची म्हणाली. "मला भीती वाटते. ती रागावेल माझ्यावर."

"रागवायलाच पाहिजे."

"हो. पण तू आधी विचार."

भीती मेघालाही वाटत होती, आणि ती रोशनीच्या रागाची नव्हती. रोशनी काय सांगेल याची होती. ती म्हणाली, पट्टी लावा, तर सोपं. म्हणाली, राहू द्या, त्वचेचं तेवढं खोडा, तरी निभावून नेता येईल. पण ती म्हणाली, वहिनी, मला रविवारी यायचंच नाही, मला कुणीच नकोय, मी माझ्या खोलीत सुखी आहे, तर? मग हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसायला नवी साडी काढून ठेवलेल्या आईंना काय सांगायचं? म्हणूनच तर इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं. हे उत्तर ऐकायची तयारी घरात कुणाचीच नव्हती. विचारायचं तर तेही ऐकायला लागणार.

आठ वाजले. नाईट ड्युटी संपून रोशनी आता रजिस्टरवर सही करून बाहेर पडत असेल. नऊला ती झोपते. दहाला काका छापखान्यात जाणार.

भीमाबाईंचं वंदन संपत आलं होतं आणि त्या आत येणारच होत्या. आईंसमोर फोन करायचा, असं मेघानं ठरवलं. लपवून नाही. तिनं गॅस बंद केला, कणकेचे हात धुतले, मजकुराचा कागद उलटा करून कोऱ्या बाजूवर पेन ठेवलं, आणि मोबाइलमध्ये रुपरावकाकांचं नाव मागं टाकून रोशनीचं काढलं.